ईरी सरोवराकाठचे पाहुणे

मे महिना म्हणजे आपल्याकडे आंबे, सुट्टी आणि घामाच्या धारा. पक्षी पाहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हा काहीसा सुना महिना. हिवाळ्यात आलेली बदके, परीट, तुतवार मार्च-एप्रिलमध्येच परतीच्या वाटेला लागलेले असतात. एप्रिल उलटला की तळ्यांवर शुकशुकाट होतो. ही मंडळी उत्तरेला जातात, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण उत्तरेत त्यांची वाट पाहणारी माणसे कशी असतात, तिथे पक्षी नेमके कधी आणि का दिसतात, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. आपण निरोप देणाऱ्यांच्या बाजूचे. आज स्वागत करणाऱ्यांच्या बाजूची गोष्ट सांगायची आहे.

त्यासाठी मी जे उदाहरण निवडले आहे ते आपल्या पक्ष्यांच्या वाटेवरचे नाही. ते उत्तर अमेरिकेतले आहे. कारण वसंतातले स्थलांतर तिथे जितके हाताच्या अंतरावर येऊन उभे राहते, तितके जगात फार थोड्या ठिकाणी राहत असेल. हे ठिकाण म्हणजे ईरी सरोवराचा काठ.

कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर पाच प्रचंड सरोवरांची माळ आहे. त्यातले ईरी हे सर्वांत दक्षिणेकडचे आणि सर्वांत उथळ. सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रंकाळा किंवा फार तर लोणार येते. ईरी ३८८ किलोमीटर लांब आहे आणि जिथे सर्वांत रुंद आहे तिथे ९२ किलोमीटर. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून अधिक. काठावर उभे राहिले तर समोर पाणीच पाणी, पलीकडची जमीन दिसत नाही. लाटा येतात, वादळे होतात. उत्तरेचा काठ कॅनडाचा, दक्षिणेचा अमेरिकेचा, आणि दोन्ही देशांची सीमा पाण्यातून गेलेली.

या सरोवराच्या पश्चिम भागात उत्तरेच्या काठावरून जमिनीची एक निमुळती जीभ दक्षिणेकडे पाण्यात घुसली आहे. तिचे नाव पॉइंट पेली. नाव फ्रेंचांनी दिलेले, अर्थ 'बोडके टोक'. कॅनडाच्या मुख्य भूमीचा हा सर्वांत दक्षिणेकडचा बिंदू. कॅनडा म्हटले की आपण बर्फच डोळ्यांसमोर आणतो, पण हे टोक जवळपास इटलीतल्या रोमच्या अक्षांशावर आहे. तिथले राष्ट्रीय उद्यान जेमतेम पंधरा चौरस किलोमीटरचे आणि त्यातही निम्म्याहून अधिक दलदल. समोरच्या काठावर, ओहायो राज्यात, मॅगी मार्श नावाची पाणथळ जागा आहे. मधे पाणी, आणि त्या पाण्यात विखुरलेली काही बेटे. टोकापासून समोरच्या किनाऱ्याचे सर्वांत जवळचे अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर भरते. या दोन काठांवर मे महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत जे घडते ते पाहायला जगभरातून माणसे येतात.

येतात ती मुख्यतः वॉर्बलर पाहायला. वॉर्बलर हा शब्द आपल्याकडच्या वटवट्या पक्ष्यांसाठीही इंग्रजीत वापरतात, पण अमेरिकेतले वॉर्बलर हे वेगळे कूळ आहे, नात्याने दूरचे. आपला वटवट्या मातकट, करडा; झुडपात आवाज काढील पण रंगाने डोळ्यांत भरणार नाही. अमेरिकेतला वॉर्बलर वसंतात अक्षरशः नटलेला असतो. पिवळाधमक यलो वॉर्बलर, गळ्यात काळ्या मण्यांची माळ घातल्यासारखा मॅग्नोलिया, आणि ज्याचा कंठ पेटत्या निखाऱ्यासारखा नारिंगी असतो तो ब्लॅकबर्नियन. हेच पक्षी शरदात दक्षिणेकडे परत निघतात तेव्हा बहुतेकांचे रंग उतरलेले असतात आणि पट्टीचे निरीक्षकही ओळखताना गडबडतात. म्हणून वसंताचे अप्रूप. पॉइंट पेलीला आजवर वॉर्बलरच्या पस्तीसहून अधिक जातींची नोंद झाली आहे. वजन म्हणाल तर बहुतेकांचे आठ ते बारा ग्रॅम. आपले दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमचे असते, त्यावरून अंदाज करा.

एवढासा हा जीव येतो कुठून? ब्लॅकबर्नियन हिवाळा काढतो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात, अँडीज पर्वताच्या जंगलांत. बाकीचे कुणी मध्य अमेरिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी कॅरिबियन बेटांवर. त्यांतले पुष्कळसे पक्षी मेक्सिकोचे आखात एका दमात ओलांडतात. संध्याकाळी युकातानच्या किनाऱ्यावरून निघायचे, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यावरून उडायचे. अंतर आठशे ते हजार किलोमीटर. वाटेत टेकायला फांदी नाही, खायला किडा नाही. निघण्यापूर्वी अंगात साठवलेली चरबी हेच इंधन. तीन ग्रॅम वजनाचा हमिंगबर्डही हाच पराक्रम करतो.

आखात ओलांडल्यावर प्रवास संपत नाही. कॅनडातल्या सूचिपर्णी अरण्यांत, जिथे घरटी करायची आहेत, तिथे पोचायला अजून हजारो किलोमीटर असतात. हा पुढचा प्रवास टप्प्याटप्प्याने, आणि जवळजवळ सगळा रात्री. दिवस मावळला की तासाभराच्या आत पक्षी वर झेपावतात. रात्री हवा स्थिर असते, थंड असते, ससाणे नसतात, आणि आकाशात तारे असतात. ताऱ्यांचा उपयोग दिशा ओळखायला होतो हे स्टीफन एमलेन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. त्यांनी इंडिगो बंटिंग नावाचे पक्षी चक्क तारांगणात नेले आणि घुमटावरचे आकाश फिरवले. आकाश फिरले तशी पक्ष्यांनी धडपडण्याची दिशा बदलली. पहाट झाली की हे प्रवासी खाली उतरतात, दिवसभर खातात, झोपतात आणि चरबी पुरेशी भरली की पुढच्या अनुकूल रात्री पुन्हा निघतात.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेकडून येणाऱ्या पक्ष्याच्या वाटेत ईरी सरोवर आडवे पडलेले आहे. शांत हवेत चाळीस-पन्नास किलोमीटर पाणी ओलांडणे म्हणजे तास-सव्वा तासाचे काम. ज्याने आखात ओलांडले त्याला हे काय अवघड, असे वाटेल. पण तो इथे पोचतो तेव्हा रात्रभर उडून थकलेला असतो, चरबी संपत आलेली असते, आणि पूर्व उजळू लागलेली असते. समोर पाणी. अशा वेळी शहाणा पक्षी पाण्यावर जात नाही, अलीकडच्याच झाडीत उतरतो. घाटाच्या पायथ्याशी रात्रभर चालून आलेले ट्रक रांगेने थांबावेत, चालकांनी भाकरी खावी आणि मग चढणीला लागावे, तसे मॅगी मार्शच्या झाडीत पक्षी थांबतात. आणि ज्यांना पहाट पाण्यावरच गाठते ते समोर जी पहिली जमीन दिसेल तिच्याकडे झेप घेतात. कॅनडाच्या बाजूने पाण्यात सर्वांत पुढे आलेली जमीन म्हणजे पॉइंट पेलीचे टोक. म्हणून दोन्ही काठांवर गर्दी होते. एका काठावर पाणी ओलांडण्यापूर्वीची, दुसऱ्या काठावर ओलांडल्यानंतरची.

गर्दीचे गणित हवेवर अवलंबून असते, आणि इथेच या साऱ्या प्रकारातली खरी गंमत आहे. खरे म्हणजे गंमत हा शब्द बरोबर नाही. चातक आपल्याकडे नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो हे आपल्याला माहीत आहे. तसेच हे पक्षी दक्षिणेच्या उबदार वाऱ्याची वाट पाहतात. तो सुटला की लाखोंनी निघतात. वारा पाठीशी आहे, आकाश निरभ्र आहे, अशी रात्र मिळाली तर ते सरोवर सहज ओलांडून कितीतरी आत निघून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर आलेले निरीक्षक हात हलवत परततात. 'आज काहीच नव्हते,' अशी नोंद वहीत होते. प्रत्यक्षात रात्री डोक्यावरून लाखो पक्षी सुखरूप गेलेले असतात.

उलट समजा, पक्षी दक्षिणवाऱ्यावर निघाले आणि मध्यरात्रीनंतर उत्तरेकडून थंड हवा घुसली. वारा फिरला, पाऊस लागला. आता समोरून वारा, पंख ओले, खाली काळे पाणी. जे जमिनीच्या जवळ असतात ते मिळेल तिथे उतरतात. जे पाण्यावर असतात त्यांतले काही टोकापर्यंत पोचतात, काही पोचत नाहीत. अशा पहाटेनंतर पेलीच्या टोकावर वाळूत, वाळलेल्या गवतात, माणसांच्या पायांपाशी वॉर्बलर बसलेले असतात. उडायचे त्राण नसते. निरीक्षक याला फॉलआऊट म्हणतात. आभाळातून पक्ष्यांचा पाऊस पडावा तसे ते असते आणि अशी एक सकाळ मिळावी म्हणून माणसे वर्षानुवर्षे तिथे खेपा घालतात.

म्हणजे पाहणाऱ्याचा भाग्याचा दिवस हा पक्ष्याच्या वाईट रात्रीतून जन्माला येतो. पक्षी 'दिसणे' आणि पक्षी 'असणे' या दोन गोष्टी एक नाहीत. अमुक तळ्यावर यंदा पक्षी कमी दिसले म्हणजे कमी आले, जास्त दिसले म्हणजे चांगले वर्ष, असे आपल्याकडेही वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात छापून येते. हवा कशी होती ते विचारल्याशिवाय अशा बातमीवर विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे.

ओहायोत राहणाऱ्या माझ्या भाचीने एकदा मे महिन्यात मला मॅगी मार्शला नेले. निघताना तिने बजावले, 'मामा, स्वेटर घे हं.' मला हसू आले, कारण तिच्या अंगणात ट्यूलिप फुललेले, झाडांना पालवी आलेली. सरोवराशी पोचलो तेव्हा कळले. हिवाळ्यात हे पाणी बरेचसे गोठलेले असते. उथळ असल्यामुळे ईरी इतर सरोवरांपेक्षा जास्त गोठते. मे उजाडला तरी पाण्याची थंडी जात नाही आणि त्यावरून येणारा वारा काठावरचा वसंत दहा-पंधरा दिवस मागे ओढून ठेवतो. आत गावात झाडे हिरवी, इथे नुसत्या कळ्या. निरीक्षकांच्या हे पथ्यावर पडते, कारण पाने नसल्यामुळे पक्षी उघडे दिसतात.

तिथे झाडीतून लाकडी फळ्यांची एक वाट काढलेली आहे, दीड-दोन किलोमीटरची. दोन्ही बाजूंना कठडा. त्या वाटेवर पंढरीच्या वाटेसारखी दाटी होती, पण आवाज नव्हता. चाकांच्या खुर्चीतल्या आजीबाई होत्या, शाळेतली मुले होती, गुडघ्यापर्यंत लांब लेन्सवाले होते. एखादा पक्षी दिसला की शेजारचा अनोळखी माणूस हळूच बोटाने दाखवतो, त्याचे नाव सांगतो आणि बाजूला होऊन जागा करून देतो. पुष्कळदा पक्षी इतका जवळ असतो की दुर्बीण निरुपयोगी ठरते. कठड्यावर, माणसाच्या कोपरापासून हातभर अंतरावर, मॅग्नोलिया वॉर्बलर किडे टिपत होता. त्याला आमच्याशी काही देणेघेणे नव्हते. त्याला फक्त भूक होती. एखाद्या उत्तम दिवशी एकेका माणसाला वीस-पंचवीस जातींचे वॉर्बलर दिसतात. २०१० पासून इथल्या पक्षी-वेधशाळेने दहा दिवसांचा उत्सव सुरू केला आहे आणि त्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या खानावळी, मोटेल सगळे भरलेले असते.

पण ही भूक भागवणारे असते कोण? चिलटे. सरोवराच्या तळाच्या गाळात चिलटांच्या अळ्या हिवाळाभर वाढतात आणि एप्रिलच्या अखेरीपासून पंख फुटून पाण्याबाहेर पडतात. चावत नाहीत, पण इतक्या संख्येने निघतात की काठावरच्या झाडांवर, भिंतींवर, मोटारींवर काळा थर बसतो. दुरून पाहिले तर झाडांतून धूर निघतो आहे असे वाटते. स्थानिक लोक वैतागतात, मोटारी धूत बसतात. वॉर्बलरला मात्र हे पंगतीचे ताट. ज्या दिवसांत काठावरची झाडे उघडी असतात, पानांवरच्या अळ्या अजून निघालेल्या नसतात, नेमक्या त्या दिवसांत सरोवर पाण्यातून अन्न वर पाठवते. पक्षी पाण्याच्या काठी थांबतात ते केवळ पुढे जाता येत नाही म्हणून नाही. तिथे खायला असते म्हणूनही थांबतात. पाणी अडवते आणि पाणीच जेवू घालते.

त्यामुळे या पाण्याचे काय झाले हे पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. सरोवराच्या नैर्ऋत्येला एके काळी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची अफाट दलदल होती, सुमारे दहा लाख एकरांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांनी चर खणून आणि जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून तिचे पाणी काढून टाकले. खाली निघाली अत्यंत सुपीक जमीन. आज तिथे मका आणि सोयाबीनची शेते आहेत. दलदलीचे जे तुकडे काठावर वाचले, ते कसे वाचले ऐका. श्रीमंत लोकांनी बदकांच्या शिकारीसाठी क्लब काढले होते. बदके हवीत म्हणून त्यांनी पाणथळ जागा विकत घेऊन बंधारे घालून राखल्या. मॅगी मार्श ही अशीच शिकारीची जमीन. १९५१ मध्ये ओहायो राज्याने ती घेतली. शेजारचे ओटावा अभयारण्य १९६१ मधले, तेही बऱ्याच अंशी अशाच जमिनींवर उभे राहिलेले. आज जिथे वॉर्बलर पोट भरतो ती झाडी बंदुकवाल्यांनी राखलेली आहे. आपल्या भरतपूरची कथा यापेक्षा फार वेगळी नाही.

पाण्याची कहाणी अशी सरळ नाही. १९६० च्या दशकात कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी पिऊन ईरी इतके नासले की 'सरोवर मेले' असे उघड म्हटले जाऊ लागले. त्याला मिळणाऱ्या कायहोगा नदीवर तेलाचा तवंग साचून २२ जून १९६९ रोजी क्लीव्हलँडजवळ नदीलाच आग लागली. त्यापूर्वीही ती अनेकदा पेटली होती, पण या वेळी देशाचे लक्ष गेले. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सरोवरांच्या पाण्याविषयी करार केला, सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला. तळातून १९५० च्या दशकात नाहीशा झालेल्या मेफ्लाय नावाच्या किड्यांच्या झुंडी १९९० च्या दशकात परत आल्या. पण पुढे शेतांतल्या खतांचा फॉस्फरस वाढला. ज्या नळ्यांनी दलदल कोरडी केली त्याच नळ्यांतून तो आता नदीत आणि नदीतून सरोवरात जातो. ऑगस्ट २०१४ मध्ये पाण्यावर विषारी शेवाळ माजले आणि टोलेडो शहर परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. दोन-तीन दिवस लोक बाटल्यांसाठी रांगेत होते. पूर्वीची दलदल हे पाणी गाळून देत असे. आता ओहायो राज्य पैसे खर्चून ठिकठिकाणी पुन्हा पाणथळ जागा तयार करते आहे.

पेलीचा इतिहास निराळा. विल्यम सॉन्डर्स आणि पर्सी टॅव्हर्नर या पक्षी अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या टोकावर नियमित नोंदी घ्यायला सुरुवात केली. पक्षी इथे एकवटतात हे त्यांनी लिहून दाखवले, टॅव्हर्नरनी उद्यानाची शिफारस केली आणि १९१८ मध्ये पॉइंट पेली राष्ट्रीय उद्यान झाले. कॅनडातले हे पहिल्या काही उद्यानांपैकी, आणि मुख्यत्वे पक्ष्यांसाठी झालेले. मात्र या जागेवर कॉल्डवेल फर्स्ट नेशन या मूळ रहिवाशांचा हक्क होता आणि त्यांना तिथून घालवून देण्यात आले, हेही त्याच इतिहासात आहे. त्यांच्या दाव्याचा निकाल लागायला जवळपास शंभर वर्षे गेली. २०२० मध्ये त्यांना जवळच, लेमिंग्टनपाशी, राखीव भूमी मिळाली. उद्यानांची वर्णने करताना आपण हा भाग सहसा गाळतो. आपल्याकडेही गाळतो.

या काठाशी एका पक्ष्याचे नाव कायमचे जोडलेले आहे. १८५१ च्या मे महिन्यात क्लीव्हलँडजवळ जेरेड कर्टलंड यांच्या शेतावर एक अनोळखी वॉर्बलर मिळाला. करडी पाठ, पिवळे पोट. तो शास्त्राला नवा निघाला आणि त्याला कर्टलंड्स वॉर्बलर हे नाव पडले. पण हा घरटे करतो कुठे? ते सापडायला १९०३ साल उजाडले. मिशिगन राज्यात, जॅक पाइन नावाच्या झाडांच्या कोवळ्या बनात, जमिनीवर. झाडे पाच ते वीस वर्षांची असली पाहिजेत, त्याहून मोठी चालत नाहीत. जॅक पाइनची फळे वणव्याच्या धगीने उघडतात, मग बी पडते, नवे बन उगवते. माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली आणि कोवळी बने नाहीशी झाली. त्यात काउबर्ड नावाचा पक्षी, आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात घालते तशी, याच्या घरट्यात अंडी घालू लागला. १९७४ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये गाणाऱ्या नरांची मोजणी झाली ती फक्त १६७.

मग माणसांनी झाडे तोडून पुन्हा लावण्याचे चक्र सुरू केले, काउबर्ड पकडले. चिकाटीने पन्नास वर्षे हे काम झाले. २०१९ मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून काढण्यात आला. आता बहामा बेटांवरून मिशिगनला जाताना एखादा कर्टलंड्स ईरीच्या काठावर उतरतो. बातमी पसरली की तासाभरात त्या झुडपाभोवती शेकडो माणसे गोळा होतात, कुणी झाडीत शिरू नये म्हणून स्वयंसेवक उभे राहतात, आणि तो खाली मान घालून शेपूट हलवत किडे वेचत राहतो.

ही एक जात सावरली. एकूण हिशेब मात्र चांगला नाही, आणि तो काढायला रडारची मदत झाली. पावसाचे ढग पाहण्यासाठी उभारलेल्या रडारवर रात्री उडणारे पक्षीही दिसतात. सूर्यास्तानंतर पडद्यावर प्रत्येक केंद्राभोवती ठिपक्यांचे फूल उमलल्यासारखे दिसते. ते उठणारे पक्षी. काठावरच्या माणसाला जे दिसत नाही ते, म्हणजे सुखरूप गेलेले पक्षी, रडार मोजते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासानुसार शरदात कॅनडातून सरासरी ४०० कोटी पक्षी दक्षिणेकडे निघतात आणि वसंतात सुमारे २६० कोटी परत येतात. या ४०० कोटींत त्या वर्षी जन्मलेली पिल्लेही असतात, त्यामुळे सगळी तूट अनपेक्षित नाही. पण २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने सांगितले की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी घटले आहेत. दर दहांतले जवळजवळ तीन. त्यात साठ कोटींहून अधिक वॉर्बलर आहेत.

कारणे अनेक आहेत: जंगले, शेती, कीटकनाशके, मांजरे. सरोवरांच्या काठी एक कारण ठळक दिसते, ते म्हणजे उजेड आणि काच. रात्री उडणारा पक्षी शहरांच्या दिव्यांकडे ओढला जातो आणि पहाटे काचेत दिसणारे झाड खरे समजून आदळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत, मिशिगन सरोवराच्या काठावरच्या एका मोठ्या सभागृहाच्या काचांवर एका रात्रीत जवळपास हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांचा पापुद्रा चिकटवला गेला. ठिपके दिसले की पक्षी वळतो. टोरांटोत १९९३ पासून स्वयंसेवक पहाटे उंच इमारतींच्या पायथ्याशी पडलेले पक्षी उचलतात, जिवंत असतील त्यांना वाचवतात. स्थलांतराच्या रात्री दिवे मालवा, अशी विनंती आता अनेक शहरे करतात. रडारवरून आजची रात्र किती पक्ष्यांची आहे ते संध्याकाळीच सांगता येते, पावसाचा अंदाज सांगावा तसे.

हा सारा सोहळा एकदम सुरू होत नाही आणि एकदम संपतही नाही. मार्चमध्ये बर्फ वितळू लागते तेव्हा बदके आणि हंस येतात. एप्रिलमध्ये चिमण्यांच्या कुळातले करडे पक्षी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात वॉर्बलरचे नर, गात गात, जागा पकडण्याच्या घाईने. त्यांच्या मागून माद्या, शांतपणे. शेवटी माशीमार. पेलीच्या टोकावर काही सकाळी अजब दृश्य दिसते: उत्तरेला निघालेले पक्षी टोकावरून उलटे दक्षिणेकडे, पुन्हा पाण्यावर झेपावतात. स्थलांतर म्हणजे नकाशावरचा सरळ बाण अशी आपली समजूत असेल तर ती तिथे मोडते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात झाडांना दाट पाने येतात, लाकडी वाट ओस पडते, मोटेलच्या पाट्यांवरची स्वागताची अक्षरे बदलतात. निरीक्षक वह्या मिटून घरी जातात. आणि जूनच्या अखेरीस, जुलै लागता लागता, पाणथळीतल्या उघड्या चिखलावर लांब पिवळ्या पायांचे तुतवार उतरू लागतात. हे उत्तरेला निघालेले उशिराचे पाहुणे नव्हेत. वर जाऊन, घरटी आटोपून दक्षिणेला परत निघालेल्यांतले ते पहिले असतात.